दस्तगीरमामांची मूठ

आज सकाळी शाळेच्या बाळू शिपायाचा फोन आला. "बाई, सुरूच्या झाडांखालचं झाडून ढीग केलाय. न्हेताय, का पेटवू?"

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. शाळेतून आता मला कुणी कशासाठी बोलवत नाही. ना वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून, ना झेंडावंदनाला. बोलावणं येतं ते फक्त कचऱ्यासाठी. "पेटवू नको रे बाबा, आलेच," म्हणत मी चार रिकामी पोती स्कूटरला अडकवली आणि निघाले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की हा फोन खरं तर माझा नव्हेच. तो दस्तगीरमामांचा. 'न्हेताय, का पेटवू' ही बाळूची धमकी कित्येक वर्षं त्यांच्यासाठी होती आणि दर वेळी ते तितक्याच घाईनं सायकल बाहेर काढायचे. मामा गेले आणि धमकी माझ्या वाट्याला आली. फाटकाशी पोहोचले तेव्हा डोळे भरले होते. बाळूला सांगितलं, धूळ गेली.

दस्तगीर मुल्लाणी म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. बुटका, रुंद माणूस. मान जवळजवळ नव्हतीच; डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. पण माणूस ओळखायचा तो उजव्या हातावरून. तळवा जाडजूड, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा गुळगुळीत डाग, आणि नखांच्या कडांना काळी रेघ. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही ती रेघ गेली नव्हती. उभी हयात त्यांनी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून काढली. मोल्डर म्हणजे लोखंडी पेटीत काळी वाळू ठासून तिच्यात साचा उठवणारा कारागीर. त्या साच्यात मग लोखंडाचा रस ओततात. सगळी मदार वाळूतल्या ओलीवर. "कोरडी वाळू ढासळती, वल्ली वाळू मालाला भोकं पाडती. मधली पायजे," असं मामा सांगायचे, आणि ही मधली कुठली ते मुठीत कळतं. वाळू मुठीत घेऊन दाबायची, मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. मग अंगठ्यानं गोळा मोडायचा. भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर ओली. सुरी फिरवल्यासारखे दोन तुकडे पडले की मामा म्हणायचे, "बसलं."

पुढं कारखान्यात एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं ओल मोजायचं यंत्र आणलं. मामा आधी मूठ दाबून आकडा सांगायचे, मग इंजिनिअर यंत्रात बघायचा. दोन्ही जुळलं की मामा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मशीन बरोबर सांगतंय की तुमचं!"

ही मूठ निवृत्तीनंतर स्वस्थ बसेना. जुलेखामामी कणीक भिजवायला लागल्या, की हे मागून येऊन परातीतला गोळा दाबून बघायचे. मामी हातावर फटका द्यायच्या. मला हाक मारून म्हणायच्या, "बाई, इनको स्कूल में नाव डालो. घर में तरास देरे." भेळवाल्याकडं उभे राहिले तरी भेळेची मूठ वळून बघणार. शेजारी बांधकाम चाललं होतं तेव्हा गवंड्यानं यांना पाणी पाजलं, चहा पाजला आणि शेवटी हात जोडले.

बाग मामींची होती. बाग म्हणायचं ती आपली आमच्या समजुतीसाठी. आमची कॉलनी मुरमाड माळावर वसलेली. पहार मारली तर ठिणगी उडेल अशी जमीन. मामी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा माहेराहून, गडहिंग्लजहून, गावठी गुलाबाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. फाटकाजवळ, नळाशेजारी लावली. फिकट गुलाबी, अंगानं लहान, पण वासाला असा की माणूस फाटक उघडताना थबकायचा. दर उन्हाळ्यात मात्र त्याची काडी व्हायची, आणि पावसाळ्यात तो जिवावर येऊन पुन्हा फुटायचा.

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला सुरूच्या झाडांची रांग आहे. बारा महिने हिरवी आणि बारा महिने गळणारी झाडं. खाली बारीक, लांब सुयांची गादी साचते. मैदान झाडलं जायचं, पण भिंतीपलीकडच्या बोळात कुणी खराटा घेऊन जायचं नाही. मामी त्या बोळातून दळणाला जात. त्यांनी पाहिलं, की भर एप्रिलमध्येही त्या सुयांखाली माती काळी आणि गार. त्या माउलीनं पदर पसरला आणि पदरात मावल्या तेवढ्या सुया आणून गुलाबाच्या बुंध्याशी घातल्या. त्या उन्हाळ्यात गुलाब करपला नाही. ही गोष्ट मामांनी मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल. दर वेळी शेवटी म्हणायचे, "बत्तीस वर्षं वाळू दाबली मी, पर माती तिला कळली."

पुढं पदर पुरेना. म्हणून मामा एका शनिवारी सायकलला पोती बांधून थेट शाळेत आले. बाळूनं तेव्हा ढीग पेटवला होता आणि सगळे वर्ग खोकत होते. मामांनी सायकल टाकली आणि पायातल्या चपलेनं ढीग विझवायला सुरुवात केली. "जाळायलाय कशाला? सोनं जाळायलाय की!" मी वर्गातून धावत बाहेर आले. आमचे मुख्याध्यापक फार नियमाचे. शाळेच्या आवारातली वस्तू बाहेर न्यायची म्हणजे लेखी अर्ज हवा, असं त्यांनी सांगितलं. कचरा असला तरी? कचरा असला तरी. मामांनी माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच पेनानं अर्ज लिहिला. विषय : सुरूच्या सुया मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या शाळेचा विद्यार्थी नाही, परंतु... इथं ते अडले. मी पुढचं सांगितलं. मुख्याध्यापकांनी 'मंजूर' असं लिहून गोल शिक्का मारला. मामांनी तो अर्ज लॅमिनेट करून घरात कॅलेंडरशेजारी टांगला. फाउंड्रीतून निवृत्त होताना मिळालेलं प्रशस्तिपत्र मात्र कुठं गेलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

मग आठवड्याला दोन पोती यायला लागली. मामांच्या अंगणात माती दिसेनाशी झाली. गुलाब, अबोली, कढीपत्ता, आल्याचा वाफा, सगळ्यांच्या पायाशी विटकरी रंगाच्या सुया. "माती उघडी टाकू ने बाई. आपन उघडं झोपतो का?" असं विचारायचे. सुयांतूनही एखादं तण वर आलं, तर ते उपटताना त्याच्याशी बोलायचे, "या पावणं, लई दिवस ऱ्हायलासा, निघा आता."

गल्लीला हे सगळं पसंत नव्हतं. समोरच्या पाटीलकाकांचं म्हणणं, असल्या पसाऱ्यात साप येतात. एका दुपारी रस्त्यातच दोघांची जुंपली. आवाज असा, की नवखा माणूस पोलिसांना फोन करेल. आमच्याकडं त्याला बोलणं म्हणतात.

"दस्तू, ह्यो पसारा काढ. साप आला तर जबाबदार कोन?"

"आला तर तुमच्याकडं पाठवतो की. हिकडं या आधी. चप्पल काढा."

"कशाला?"

"काढा तर."

मे महिन्यातली दुपार. पाटीलकाका आपल्या फरशीवरून अनवाणी चार पावलं टाकेपर्यंत नाचायला लागले. मामांनी त्यांना हाताला धरून गुलाबाजवळ आणलं, सुया बाजूला केल्या आणि त्यांचा हात आत घातला. काका तसेच वाकून राहिले. बराच वेळ हात काढेनात. मामींनी खिडकीतून विचारलं, "काका, साप मिळाला काय?" त्यानंतर पाटीलकाकांनी तक्रार केली नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या जाईखालीही सुया दिसल्या, आणि मामांचं एक पोतं कमी भरलं होतं. मामांनी ते मोजलं, मला डोळा मारला आणि गप्प बसले.

मलाही त्यांनी या नादाला लावलं. आमच्या मागच्या अंगणात हातभर खोल खड्डा खणून घेतला. तळाला सुया, त्यावर गवळ्याच्या गोठ्यातल्या म्हशीच्या शेणाचा काला, मग भाजीची देठं, पुन्हा सुया. वर पोतं झाकायचं, अधूनमधून पाणी मारायचं. "सुया हट्टी असत्यात बाई, लगेच मोडत न्हाईत. तुमच्या मागच्या बाकावरच्या पोरांवानी. येळ द्या." मी मुळात उतावळी. दोन महिन्यांत उकरून बघायची. मामा यायचे, हात घालायचे, मूठ दाबायचे. मूठ उघडली की गोळा घरंगळून भुगा. "कच्चं हाय." पुढच्या वर्षी मी पाणी जास्त मारलं. मूठ दाबली तर बोटांतून काळं पाणी गळलं. "वल्लं झालं की. भोकं पडतील." खताला कुठली भोकं पडणार? पण निकाल तो निकाल. हजारो पोरांचे पेपर मी तपासले असतील. पण मामांनी मूठ उघडेपर्यंत माझ्या छातीत जी धडधड व्हायची, ती काही और होती.

मामी गेल्या त्या थंडीत. कसलं आजारपण नाही, काही नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापून उठल्या आणि पुन्हा बसल्या, त्या बसल्याच. मामा आठ दिवस अंगणात आले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी भिंतीवरून पाहिलं, तर ते गुलाबाशी बसून नव्या सुया घालत होते. आधीच्या तशाच ठेवून, त्यांच्यावर, हलक्या हातानं. लेकराच्या अंगावर दुलई घालावी तसं.

मामी दर वर्षी त्या गुलाबाचा गुलकंद करायच्या आणि गल्लीत घरटी एक वाटी द्यायच्या. त्या वर्षी आम्हाला वाटलं, आता नाही. पण फेब्रुवारीत मामांच्या भिंतीवर काचेची बरणी उन्हाला बसली. पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर. मामा दिवसातून तीनदा बरणी उघडून चमच्यानं थोडं मुठीत घ्यायचे आणि दाबायचे. हात चिकट, दाढी चिकट, आणि मागं मुंग्यांची रांग. शेवटी त्यांनी वाट्या वाटल्या. साखर इतकी झाली होती, की दातांखाली कचकचत होती. मी म्हटलं, "मामा, छान झालाय." ते म्हणाले, "खोटं बोलू नगा. बसला न्हाय. पर वास बगा, वास तिचाच हाय." खरंच, वास तोच होता. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना वाटी नाकाशी धरून उभे राहिलो. मला त्या वेळी रडू आलं, आणि मामांना आलं की नाही ते मी पाहिलं नाही.

तेव्हापासून त्यांचं सगळं चित्त त्या एका झाडात होतं. मुलगी शमा कागलला. जावई तिथल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला. ती दर रविवारी यायची, "अब्बा, चला," म्हणायची. मामांचं ठरलेलं उत्तर होतं, "गुलाबाला कोन बघंल? त्यो हाय तवर मी हितंच."

आता जे सांगायचं आहे ते मी टाळत आले होते. पुढं एका मार्चमध्ये मामा शाळेतून पोतं आणताना सायकलवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दीड महिना कागलला राहिले. जाताना स्ट्रेचरवरून त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "गुलाबाला पानी."

मी पाणी घातलं. रोज, दोन वेळा, अगदी परीक्षेच्या पर्यवेक्षणासारखं चोख. मामा रविवारी येणार असा शमाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, घर कसं लख्ख दिसायला हवं. दवाखान्यातून माणूस घरी यायचा म्हणजे आपण त्याच्या अंथरुणाची चादर बदलतो, उशीचा अभ्रा बदलतो. मी घर झाडलं, पुसलं, आणि मग गुलाबाकडं वळले. वरच्या सुया हातानं सारल्या तर खाली काळाकुट्ट, दमट थर; आणि त्यात सगळीकडं पसरलेली पांढरी बुरशीची जाळी. मामांच्या पाठीमागं झाडाला रोग लागला, तोही माझ्या ताब्यात असताना! माझ्या खड्ड्यात असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? माझं खत कायमच कच्चं.

मी खुरपं घेतलं आणि तो सगळा थर खरवडून काढला. खालची तांबडी जमीन लागेपर्यंत. खरवडताना पांढरी, केसासारखी बारीक मुळं तटातट तुटत होती, तीही मला बुरशीच वाटली. तीन घमेली निघाली. ती मी कचऱ्याच्या गाडीत दिली. मग बुंध्याभोवती आणि सगळ्या आळ्यात मूठ मूठ हळद पेरली, जखमेला लावतात तशी. वर शाळेतून आणलेल्या ताज्या, कोऱ्या सुयांचा पातळ थर दिला. फाटकाबाहेर सडा घातला, रांगोळी काढली. आणि स्वतःवर खूश होऊन मामांची वाट बघत बसले.

मामा वॉकर घेऊन रिक्षातून उतरले. रांगोळी ओलांडताना जपून पाय टाकला. घराकडं पाहिलंच नाही, सरळ गुलाबापाशी गेले. वॉकरच्या पायानं सुया जराशा सारल्या. खाली पिवळं.

"हळद लावलीसा व्हय?" ते म्हणाले. "नवरी केलीसा की झाडाला."

मी हसले. बुरशीचं सांगितलं, केवढा रोग होता आणि मी तो कसा मुळापासून काढला ते सांगितलं. मामा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "जुनं कुटं टाकलंसा?"

"गाडीत दिलं, मामा."

"गाडीत," ते म्हणाले. वॉकरच्या पायानं सुया परत जागेवर सारल्या. "बरं केलंसा. दमला असशिला. च्या घिऊन जावा."

चहा त्यांनी स्वतः केला, वॉकरला टेकून. मला साखर जास्त लागते ते त्यांच्या लक्षात होतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गुलाबाची पानं गळली. मग एकेक फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली आली. मामा खुर्ची टाकून तिथं बसायचे. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, दुपारी ओल्या पोत्याची सावली. काळा झालेला भाग रोज थोडा थोडा कापायचे. शेवटी वीतभर खुंट उरला आणि एक दिवस तोही मुठीत धरून हलवला तर सहज हलला. मी भिंतीवरून बघत होते. मामांनी वर पाहिलं आणि नुसती मान हलवली.

त्या रविवारी शमा आली, ती जाताना माझ्याकडं डोकावली. मी तिला विचारलं, माझंच चुकलं ना? ती चांगली पोर, आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "काकी, ती पांढरी जाळी आली की अब्बा खूश व्हायचे. ती आली की सुयांची माती होते. झाड त्यातच मुळं सोडतं म्हणे." आणि मग, माझ्याकडं न बघता, "खालचा थर अम्मीनं घातलेला होता. पदरातून आणलेला. अब्बांनी तो कधी काढला नाही, वरच घालत गेले. त्या सुया कधीच्याच माती झाल्या असतील. पण ती माती अम्मीची, असं ते म्हणायचे."

मी ती माती तीन घमेल्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत दिली होती. वर गाडीवाल्याला चहाला दहा रुपये दिले होते.

मामांनी मला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. रागावले असते, शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कॉलनीत त्यांच्या आवाजाचा दरारा होता. आणि माझ्यापुरता तो आवाज त्यांनी खाली ठेवला. भिंतीवरून पूर्वीसारखंच बोलायचे. फक्त आता कागलचा विषय निघाला की 'गुलाबाला कोन बघंल' असं म्हणायचे नाहीत. म्हणायला काही उरलं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी शमाला सांगितलं, येतो.

ते कागलला गेले आणि मागं घर विकलं गेलं. नव्या मालकांनी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, गाडी लावायला सोय झाली. माणसं भली आहेत, त्यांना काय ठाऊक.

कागल काही विलायत नव्हे. अर्ध्या तासाचा रस्ता. दर आठवड्याला मी ठरवायची, या रविवारी जायचं. कधी पाहुणे आले, कधी गुडघा दुखला. खरं कारण मला माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मातीपासून इतक्या वर बसलेले मामा बघायची माझी छाती होत नव्हती. फोन व्हायचा. ते विचारायचे, "काय म्हनतंय खत?" मी म्हणायची, मुरतंय. गेल्या माघात शमाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि तिनं बोलायच्या आधी मला कळलं. त्या दिवशी मात्र अर्ध्या तासात कागलला पोहोचले. पण मी मनाशी शेवटचं बघणं म्हणून जे धरून ठेवलं आहे, ते त्या दिवसाचं नाही. ते त्यांच्या निघण्याच्या दिवसाचं आहे.

रिक्षा दारात उभी होती. शमानं पिशव्या आत ठेवल्या, लॅमिनेट केलेला अर्ज वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतला, आणि मामांचा पत्ता नाही. हाका मारून झाल्या. शेवटी मला आमच्या मागच्या अंगणात चाहूल लागली. मामांची काठी भिंतीला टेकलेली. ते उपड्या बादलीवर बसून, घरी उरलेलं सुयांचं शेवटचं पोतं माझ्या जास्वंदीच्या बुंध्याशी रिकामं करत होते. हातानं पसरत होते, मूठ मूठ, सावकाश. खाली माझी उघडी मुरमाड जमीन होती. इतकी वर्षं त्यांचं ऐकून मी सगळं लक्ष खड्ड्यावर दिलं आणि जास्वंद तशीच उघडी राहिली होती.

"मामा, त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली. पुढचे शब्द महिनोन् महिने घोकले होते.

त्यांनी हात वर केला. "बाई, माल बिघडला तर फाउंड्रीत काय करत्यात म्हाइत हाय? परत भट्टीत टाकत्यात. वाळू परत चाळायची, पेटी परत भरायची. लोखंड कुटं जातंय?" मग खड्ड्याकडं मान वळवून म्हणाले, "त्ये पोतं काडा बगू."

मी झाकण काढलं. त्या वर्षी मी खड्डा उकरला नव्हता. उकरायची हिंमतच झाली नव्हती. सुयांमध्ये पांढरी जाळी पसरली होती, आणि मी तिला हात लावला नव्हता. मामांनी वाकून हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ भरली, दाबली. उघडली. काळा गोळा, त्यावर त्यांच्या चार बोटांचे ठसे. अंगठा टेकवला. गोळ्याचे दोन तुकडे पडले, सरळ, भुगा न होता.

ते बघत राहिले. मीही बघत राहिले.

"बसलं," मामा म्हणाले.

एक तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. काठी घेतली, उठले. जास्वंदीकडं बोट केलं. "आता वर घालत ऱ्हावा. खालचं काडू नगा."

मी काढलेलं नाही. आजची चार पोतीही वरच घातली. खाली त्यांनी हातानं पसरलेल्या सुया आहेत. आता त्यांची माती झाली असेल.

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर शमा म्हणाली, "अब्बा, हात तरी धुवा की." ते म्हणाले, "कागलात धुतो." रिक्षा सुरू झाली. पाटीलकाका फाटकाशी उभे होते, बाकीची गल्ली उभी होती. मामांनी सगळ्यांना डावा हात हलवून निरोप दिला. उजवा हात मांडीवर होता आणि त्याची मूठ मिटलेली होती. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मूठ काही उघडली नाही.